सिनाईच्या थाईमला कुंपण घालावे का?

रानवाट : इजिप्तच्या दक्षिण सिनाईतील उंच डोंगरांत, सेंट कॅथरीन संरक्षित क्षेत्रात, सिनाई बॅटन ब्ल्यू हे जगातील सर्वांत चिमुकल्या फुलपाखरांपैकी एक राहते. १९७५ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. त्याची अळी सिनाई थाईम या तुळशीच्या कुळातील झुडपाच्या कळ्याफुलांवरच वाढते, वर्षाला एकच पिढी होते आणि प्रौढ फुलपाखरू झुडपांपासून फारसे दूर जात नाही. ही झुडपे विखुरलेल्या तुकड्यांत उगवत असल्याने, एखादा तुकडा उजाड झाल्यास तेथे फुलपाखरू परतेलच असे नाही. म्हणून मोठ्या तुकड्यांना कुंपण घालून चराई आणि औषधी वनस्पतींची तोड बंद करावी, असे माझे मत आहे.

पाणवठा : तीव्र असहमती. या डोंगरांत जेबेलिया या बेदुइन जमातीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या चारत आले आहेत आणि फुलपाखरू तरीही टिकले आहे. शिवाय त्यांच्या दगडी भिंतींच्या बागांत परागवाहक कीटकांची चांगली वर्दळ असते. कास पठारावर कुंपण घातले, तेव्हा चराई थांबल्याने फुलेच घटतात असा आक्षेप आला होता. संरक्षणाचा पहिला घाव नेहमी गुराख्यावरच का?

रानवाट : कासला मोसमी पाऊस असतो, वाळवंटातील झुडपाला ते गणित लागू करू नये. बागांचा मुद्दा खरा असला, तरी ज्याची अळी थाईमवाचून जगत नाही, त्याला बागेतील बदामाच्या मोहोराचा काय उपयोग?

मुंगीवेल : दोघेही शेळीभोवतीच फिरत आहात. अळी कळ्या खाते, म्हणजे ज्या वर्षी दुष्काळाने झुडूप कमी फुलते, त्या वर्षी शेळी नसली तरी अळीची उपासमार होणारच. काही मुंग्या गोड स्रावाच्या मोबदल्यात अळीची राखण करतात, काही अंडी फस्त करतात. त्यामुळे फुललेला तुकडादेखील सुरक्षित असतोच असे नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तापमानवाढ आणि मानवी दबाव यांचा एकत्र विचार केला होता, तो याचसाठी. डोंगरमाथ्यावर पोहोचलेल्या वनस्पतीला आणखी वर सरकायला जागा नसते आणि उष्णता कुंपणाने अडत नाही.

रानवाट : मान्य, पण उष्णता आपल्या हाती नाही म्हणून तोडही तशीच चालू द्यायची का? फुलोऱ्याच्या हंगामापुरती, निवडक तुकड्यांवरच बंदी घालता येईल.

पाणवठा : हंगामी बंदीला माझी हरकत नाही, मात्र तुकडे जेबेलियांनी निवडावेत, राखणीचे वेतनही त्यांनाच मिळावे आणि तारेचे कुंपण नको.