फ्रान्सच्या खेड्यातला वसंत: तुमचे अनुभव सांगा

चार वर्षांपूर्वी पुण्याहून तूर शहरात आलो. इथे एप्रिलच्या सुरुवातीला हस्तकारागिरांचे दिवस असतात. २००२ पासून चालू आहेत. एरवी बंद असणारी कामाची जागा तेव्हा कुणालाही आत जाऊन बघता येते. पहिल्याच वर्षी आम्ही जवळच्या व्हिलेन-ले-रोशे गावी गेलो. गाव बुरूडकामाचं, फक्त बांबूऐवजी विलो. म्हणजे आपल्या वाळुंजाचाच भाऊबंद. १८४९ साली गावच्या पाद्रीबुवांनी विणणाऱ्यांची सहकारी संस्था काढून दिली, ती अजून चालू आहे.

एका आजोबांनी मला टोपली विणायला बसवलं. तासाभराने ती हातात घेऊन फिरवली, माझ्याकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता तळापर्यंत उसवली. वर "मे महिन्यात सोलायला या" असं आमंत्रण! गेले. हिवाळ्यात कापलेल्या काड्यांच्या जुड्या पाण्यात पाय सोडून उभ्या ठेवतात. वसंतात रस चढला की चिमट्यासारख्या लोखंडी फटीतून काडी ओढायची, साल सर्रकन निघते, शेवग्याच्या शेंगेची निघावी तशी. खाली पांढरीशुभ्र काडी. हे काम मला जमलं, आणि आजोबा चक्क हसले.

तुमचेही अनुभव येऊ द्या. पॅरिस सोडून!

लिमोजजवळून

आमच्याकडे वसंत म्हणजे 'व्हीद-ग्रेनिए', जुन्या घरगुती वस्तूंचा बाजार. शब्दशः, माळा रिकामा करणे. आपल्याकडे माळा फक्त भरत जातो, त्यामुळे मला कल्पनाच आवडली. नियम कडक आहेत: घरगुती विक्रेत्याने वर्षातून दोनदाच बसायचं, तेही स्वतःच्या वापरलेल्या वस्तू घेऊन, आणि तसं लिहून द्यायचं.

मी स्टीलचा मसाल्याचा डबा ठेवला होता, झाकण नीट न लागणारा. एका काकांनी सातही वाट्या बाहेर काढून पुन्हा जागेवर बसवल्या, तीन युरो दिले. पुढच्या रविवारी भेटले तर म्हणाले, भाजीचं बी ठेवलंय. मोहरीच्या वाटीत मुळ्याचं.

ओव्हेर्न्यमधून

वर बियाण्याचा विषय निघालाच आहे तर माझी फजिती. एप्रिलअखेर काय ते ऊन पडलं! मी टोमॅटोची रोपं लावून टाकली. शेजारच्या आजी कुंपणावरून ओरडत होत्या, 'बर्फाचे संत' जाऊ देत. म्हणजे ११, १२, १३ मे, तोवर रात्री थंडीचा कडाका पडू शकतो. म्हटलं, अंधश्रद्धा. एका रात्रीत सगळी रोपं काळी पडली, उकडलेल्या पालकासारखी. १४ तारखेला आजी स्वतःची सहा रोपं घेऊन दारात उभ्या. एकदाही "सांगितलं होतं ना" म्हणाल्या नाहीत, चेहऱ्यावर मात्र सगळं लिहिलं होतं.

तुलूझहून

मेअखेर ओब्राकच्या पठारावर जा, बाकी सगळं सोडा. २५ मेच्या आसपासच्या शनिवार-रविवारी गायी उन्हाळी कुरणांवर चढवतात. मी सोलापूरकडचा, पोळा बघत वाढलेलो, तरी थक्क झालो. ओब्राक जातीच्या गव्हाळ गायी, डोळ्यांना जन्मतःच काजळ घातलेलं, शिंगांमध्ये फुलं आणि झेंडे, गळ्यात हातभर घंटा. पोळ्याला बैलाला सुट्टी असते, या मात्र दिवसभर चालत असतात! पुढे ऑक्टोबरपर्यंत मुक्काम वरच.

जेवायला आलिगो. बटाटा आणि ताजं चीज घोटून लाकडी डावाने उचललं की डोक्याच्या वरपर्यंत तार येते. लसणाचा वास, सोबत सॉसेज. मी शाकाहारी, नुसतं आलिगो तीनदा मागितलं. वाढणाऱ्या बाईंनी चौथ्यांदा न विचारताच वाढलं.

तूरहून पुन्हा, धागाकर्ती

१ मेचं राहिलंच. त्या दिवशी म्यूगेची, म्हणजे घंटेसारख्या पांढऱ्या रानफुलांची, डहाळी एकमेकांना देतात, आणि रानातून खुडून आणलेली विकायला त्या एका दिवशी कुणीही रस्त्यावर उभं राहू शकतं. लेक तिच्या वर्गातल्या मुलींबरोबर बेकरीबाहेर उभी होती. १३ घंट्यांची डहाळी शुभ, म्हणून प्रत्येक गिऱ्हाईक फुलं मोजत होतं, आणि ही मराठीत मोजून फ्रेंचमध्ये आकडा सांगत होती. फुलदाणीतलं पाणीसुद्धा विषारी असतं बरं का, घरात लहान मूल असेल तर उंचावर ठेवा.