जांभ्यात डायनासोर कुठला?
कोकणातल्या एका चिरेखाणीत, म्हणजे जांभा दगडाच्या खाणीत, नळीसारखा तुकडा मिळाला नि एकाने त्याला थेट डायनासोरचं हाड करून टाकलंय. नाही हो! जांभा म्हणजे कुजलेला बेसॉल्ट, लाव्हा थिजून झालेला काळा खडक; पावसाने सिलिका वाहून जाते, लोह नि अ‍ॅल्युमिनियम मागे उरतं. मुळात दख्खनचा लाव्हाच साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, डायनासोर संपले त्या सुमाराचा. जांभा त्याच्याही कितीतरी नंतरचा. चिरा फोडला की अशा पोकळ नळ्या हमखास दिसतात, नखाने खरवडलं की पिवळी माती सुटते.

हाडांचीच हौस असेल तर कोकण सोडा नि विदर्भ गाठा. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला, लाव्हाच्या खालच्या लॅमेटा नावाच्या गाळाच्या खडकांच्या थरात, लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांची हाडं मिळालीत. विष्ठेचे जीवाश्मसुद्धा!