मुंबई ते स्पिती: छोट्या एसयूव्हीवर पैसे कशासाठी खर्च करावेत?

मुलुंडवासी:
नमस्कार. माझ्याकडे २०२० सालची रेनॉल्ट डस्टर आहे. तिचे इंजिन दीड लिटरचे, १०६ पीएस (अश्वशक्ती) ताकदीचे पेट्रोल इंजिन असून ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळते. अनंत चतुर्दशीनंतर मी, पत्नी, मेहुणा आणि त्याची पत्नी असे चौघे हिमाचलात शिमला, किन्नौर, स्पिती खोऱ्यातले मुख्य गाव काझा आणि कुंझुम खिंडीतून मनाली असा प्रवास करणार आहोत. एका गॅरेजने टपावरचा तंबू, पुढच्या बंपरवरचा लोखंडी गार्ड आणि पेट्रोलचे दोन कॅन सुचवले आहेत. हा खर्च करावा, की गाडी विकून फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी घ्यावी?

घाटवाट:
गाडी विकू नका. काझापर्यंतच्या रस्त्याला फोर बाय फोर लागत नाही. खरा कस काझाहून मनालीकडे निघाल्यावर, कुंझुम उतरून ग्राम्फूपर्यंतच्या दगडगोट्यांत लागतो, आणि तिथे डस्टरचा २०५ मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचा तळ यांतले अंतर) कामी येतो. मात्र चार माणसे आणि सामान भरल्यावर मागचे स्प्रिंग दबतात व हाच आकडा घटतो, हे बहुतेक जण विसरतात. म्हणूनच टपावरच्या तंबूला माझा स्पष्ट विरोध आहे. त्याचे पन्नास-साठ किलो वजन सर्वांत उंच जागी बसते, त्यामुळे वळणावर गाडी झुकते आणि खड्ड्यात हेलकावते. शिवाय या वाटेवर गावोगावी होमस्टे मिळतात. कॅनचीही गरज नाही: किन्नौरमधल्या पोवारीला टाकी भरली की पुढचा पंप काझाला, आणि तिथून मनाली सुमारे दोनशे किलोमीटर. आपली पन्नास लिटरची टाकी एवढ्यासाठी पुरेशी आहे. लोखंडी गार्डवर तर केंद्र सरकारने २०१७ मध्येच बंदी घातली आहे.

वाचलेले पैसे इंजिनाखालच्या धातूच्या पत्र्यावर, मजबूत बाजू असलेल्या नव्या टायरांवर आणि ब्रेकच्या कामावर खर्च करा. मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात गाडीच्या खालचे नट-बोल्ट गंजून जाम होतात, त्यामुळे निघण्याआधी गाडी रॅम्पवर चढवून प्रत्येक बोल्ट सुटतो का, हे स्वतः उभे राहून पाहा.

ठाणेकर ताई:
वरील सल्ला पटतो, पण उंचीचा विचारही करायला हवा. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे शिमल्याहूनही कमी, तर कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर आहे. तिथे हवा सुमारे पस्तीस ते चाळीस टक्के विरळ असते आणि टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारे यंत्र) नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते. चढाला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन फिरते ठेवावे लागते आणि अर्धवट क्लचवर गाडी रेटली तर क्लच जळतो. आम्ही गेलो तेव्हा आमच्यासमोर एक गाडी याच कारणाने अडकली होती.

आपण किन्नौरमार्गे चढणार आहात, ते उत्तमच आहे, कारण शरीराला टप्प्याटप्प्याने सवय होते. मनालीकडून थेट चढणाऱ्यांना डोकेदुखी आणि मळमळ अधिक होते. काझाहून मात्र उजाडताच निघा. दुपारी ऊन वाढले की बर्फ वितळून नाल्यांचे पाणी चढते. सकाळी चाकाच्या निम्म्यापर्यंत असलेला नाला दुपारी ओलांडण्याजोगा राहीलच असे नाही.

मुलुंडवासी:
आपणा दोघांचे मनापासून आभार. तंबू आणि कॅन रद्द केले. एक शंका उरते: टायरमधली हवा मुंबईतच कमी करून निघावे का?

घाटवाट:
नाही. महामार्गावर कमी हवेचा टायर तापून फुटण्याचा धोका असतो. गाडीच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला भरलेल्या गाडीचा दाब ठेवा आणि काझाला सकाळी, टायर थंड असताना, स्वतःच्या मीटरने पुन्हा मोजा, कारण बाहेरच्या हवेचा दाब कमी झाल्याने मीटरवरचा आकडा वाढतो. थंडीने तो थोडा उतरतोही. दगडांचा पट्टा सुरू झाल्यावर चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) कमी करा, आणि डांबरी रस्ता लागताच हवा पुन्हा भरता यावी म्हणून बारा व्होल्टचा हवेचा पंप सोबत ठेवा.