व्हिएतनाम, 9 दिवस: दोघींना 60 हजार पुरतील का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मार्चमध्ये मी आणि धाकटी बहीण हनोई, ह्युए, होई आन फिरणार आहोत. विमानाची तिकिटं झाली, ई-व्हिसाचे माणशी 25 डॉलरही भरले. तिथल्या खर्चाला दोघींत 60 हजार रुपये उरलेत. राहणं डॉर्ममध्ये, खाणं रस्त्यावरचं. बहीण शाकाहारी, तिचा खर्च वाढेल का?

हनोई ते ह्युए रात्रीची रेल्वे घेतली की एका रात्रीचं भाडं वाचतं. पुढे होई आनजवळच्या दा नांगपर्यंत मात्र दिवसाचीच गाडी. हाय वान घाटातला समुद्र मला डोळे भरून बघायचाय, तिथे काटकसर नको.

डॉलर नेऊन बदलावेत की एटीएममधून डाँग (तिथलं चलन) काढावेत? आणि 20 हजार व 5 लाख, दोन्ही नोटा निळसर. घाईत चुकीची दिली जाऊ नये म्हणून तुम्ही काय करता?