व्यापार वाढला की भांडणं कमी होतात म्हणे, मग चिप, मॅग्नेट आणि डॉलरचं हे काय चाललंय?

एमए_पार्ट_टू

नमस्कार मंडळी, राज्यशास्त्रात एमए करतेय, दुसरं वर्ष. सेमिनारचा विषय मिळालाय परस्परावलंबन आणि डोक्याचा पार भुगा झालाय. नोट्समध्ये कोहेन आणि नाय या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञांचं 1977 चं पुस्तक आहे, त्यातलं आम्हाला सांगितलेलं सार एवढंच की देश एकमेकांवर अवलंबून झाले की युद्ध परवडत नाही, म्हणून सहकार्य वाढतं. ठीक आहे. पण पेपर उघडला की उलटंच दिसतं ना. ऑक्टोबर 2022 ला अमेरिकेने चीनला भारी चिप द्यायच्या बंद केल्या, एप्रिल 2025 ला चीनने रेअर अर्थ मॅग्नेटच्या (दुर्मिळ धातूंपासून बनणारे ताकदवान चुंबक) निर्यातीवर परवाना लावला, रशियाच्या सेंट्रल बँकेचे 300 अब्ज डॉलरच्या आसपास पैसे 2022 पासून बाहेर गोठलेत. म्हणजे हे सगळे एकमेकांवर अवलंबून आहेत म्हणूनच तर एकमेकांची मानगूट धरू शकतायत. मग थिअरी चुकली असं सरळ लिहू का? सर म्हणतात चालू घडामोडींची उदाहरणं घ्या, पण चिपवर सगळा वर्ग करतोय, मला वेगळं काहीतरी हवंय. कोणीतरी सोप्या भाषेत सांगा प्लीज.

निवृत्त_मास्तर

ताई, आधी नोट्स बाजूला ठेवा आणि ते पुस्तक लायब्ररीतून काढा. ज्याचं कमी अडतं त्याचा हात वर, हे त्याच पुस्तकात लिहिलंय. नोट्स काढणाऱ्यांनी गोड भाग ठेवला आणि बाकीचा गाळला, आमच्या वेळेपासून हेच चालू आहे. त्याच्याही आधी अल्बर्ट हर्शमन, हिटलर आल्यावर जर्मनी सोडून गेलेला अर्थशास्त्रज्ञ, त्याने 1945 साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं. नाझी जर्मनीने बल्गेरियासारख्या छोट्या देशांचा शेतमाल भरभरून घेतला, भावही बरा दिला, आणि बघता बघता बल्गेरियाची निम्म्याहून जास्त निर्यात एकट्या जर्मनीला जायला लागली. जर्मनीच्या एकूण व्यापारात बल्गेरिया म्हणजे चिल्लर. आता यात भांडण झालं तर कोण कोणापुढे मान तुकवणार, सांगायला नको.

आता नवीन काय, तर हेन्री फॅरेल आणि अब्राहम न्यूमन यांनी 2019 ला मांडलेला मुद्दा. आपण समजतो की जागतिकीकरण सगळीकडे सारखं पसरलं, पण जाळं वाढत जातं तशी सगळी वर्दळ दोन-चार ठिकाणांहूनच जायला लागते, कारण जिथे आधीच सगळे असतात तिथेच नवा येणारा जातो. आपल्याकडचे जुने जकात नाके आठवा. शहरात यायचं तर गाडी नाक्यावरूनच येणार, त्यामुळे नाकेवाल्याला दोन गोष्टी फुकट मिळतात, एक म्हणजे कोण काय घेऊन चाललंय ते दिसतं आणि दुसरं म्हणजे मनात आलं तर गाडी अडवता येते. स्विफ्टचं तेच. ब्रसेल्सजवळच्या ला उल्प गावात ऑफिस, सहकारी संस्था, काम काय तर बँकांचे निरोप इकडून तिकडे पोचवणं. पण 2001 च्या हल्ल्यानंतर अमेरिकेचं ट्रेझरी खातं गुपचूप त्यातला डेटा बघत होतं, 2006 ला पेपरवाल्यांनी ते फोडलं. आणि 2012 ला इराणच्या बँका त्यातून काढल्या. आधी डोकावणं, मग अडवणं.

आणि हे काही इंटरनेटच्या जमान्यातलं नाही बरं का. ब्रिटनने युद्ध पुकारल्यावर काही तासांतच, 5 ऑगस्ट 1914 ला पहाटे, त्यांच्या जहाजाने इंग्लिश खाडीतल्या जर्मनीच्या समुद्री तारा तोडल्या. मग जर्मनीला अमेरिकेकडे निरोप धाडायला दुसऱ्यांच्या तारा वापरायची पाळी आली, त्या ब्रिटनवरून जायच्या, आणि 1917 ची ती झिमरमन तार, जर्मनीने मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध सोबत यायला सांगणारी, लंडनमध्ये बसून वाचली गेली. तेव्हा ब्रिटन आणि जर्मनी यांचा आपसातला व्यापार काही थोडाथोडका नव्हता.

चाकण_एमआयडीसी

मास्तर नंबर एक 👌 मॅग्नेटचं मी सांगतो, पर्चेसमध्ये आहे एका वेंडर कंपनीत. ईव्हीच्या मोटरमध्ये निओडिमियम मॅग्नेट असतो, त्यात थोडं डिस्प्रोशियम किंवा टर्बियम (यांना हेवी रेअर अर्थ म्हणतात) घालतात नाहीतर मोटर तापली की मॅग्नेट ढिला पडतो. थोडं म्हणजे खरंच थोडं, अख्ख्या गाडीच्या किमतीत तो खर्च शोधावा लागेल. पण तेवढ्यावाचून मोटर होत नाही आणि मोटर नाही तर गाडी नाही. जुलै 2025 ला बजाज ऑटोने उघड सांगितलं होतं की ऑगस्टमध्ये चेतकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं, हे सगळं एवढ्याशा डिस्प्रोशियमपायी. नंतर बऱ्याच जणांनी हेवी रेअर अर्थ न लागणारे मॅग्नेट घेऊन वेळ मारून नेली, पण ते टेस्टिंग, मोटरचं डिझाइन पुन्हा बघणं, कस्टमरचं अप्रूव्हल, काय काय झालं ते आमचं आम्हाला माहीत.

आता मास्तरांचं ते डोकावणं आणि अडवणं घ्या. परवाना हवा तर फॉर्म भरा. मॅग्नेट कुठल्या मोटरमध्ये जाणार, मोटर कोणत्या गाडीत, शेवटचा ग्राहक कोण, लष्करी वापर होणार नाही असं लिहून द्या, त्यावर सहीशिक्के. आमच्या डिझाइनवाल्यांचा जीव खालीवर, कारण जे ड्रॉइंग आम्ही शेजारच्या वेंडरला दाखवत नाही त्यातली माहिती तिकडे द्यायची. म्हणजे माल अडकला ते अडकलाच, वर आपली सगळी सप्लाय चेन समोरच्याच्या फाइलला.

आणि चीन हे काही नशिबाने मिळवून बसला नाही. कॅलिफोर्नियातली माउंटन पास ही खाण एके काळी जगात पहिली होती, 2002 ला बंद पडली, एक तर चीनचा भाव परवडेना आणि त्यात सांडपाण्याची भानगड. जनरल मोटर्सने स्वतःची मॅग्नेट कंपनी मॅग्नेक्वेंच 1995 ला विकली, घेणाऱ्यात चिनी कंपन्या होत्या, पुढे कारखानाच तिकडे गेला. खाणकाम नाही, शुद्धीकरण हा खरा घाणेरडा भाग, किरणोत्सारी थोरियम वगैरे निघतं, तो कोणालाच आपल्या अंगणात नको होता. आज शुद्धीकरणातला 90 टक्क्यांच्या आसपास वाटा चीनचा. आपल्याकडे केरळ, ओडिशाच्या वाळूत मोनाझाइट, म्हणजे रेअर अर्थ असलेलं खनिज, भरपूर आहे, सरकारी कंपनी 1950 पासून आहे, पण वाळूपासून मॅग्नेटपर्यंतच्या मधल्या पायऱ्या फारच थोड्या आहेत, तिथे सगळं अडलंय.

निफाडकर

वाचतोय सगळं. चीन वाईट, अमेरिका वाईट, बरोबर आहे. पण आपण काय करतो ते पण लिहा की. कांदा.

बांगलादेश वर्षानुवर्षं आपल्या कांद्यावर. सप्टेंबर 2019 ला आपण एका रात्रीत निर्यात बंद केली, पुढच्याच आठवड्यात तेव्हाच्या तिथल्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि भर कार्यक्रमात हिंदीत हसत हसत म्हणाल्या की मी आचाऱ्याला सांगून टाकलंय कांदा बंद कर म्हणून, निदान आधी कळवत तरी जा. लोक हसले. 2020 ला परत बंद. ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यात शुल्क, 8 डिसेंबर 2023 ला पुन्हा पूर्ण बंदी. डिसेंबरात बाजारात असतो लाल कांदा, तो कांदाचाळीत टिकत नाही, उन्हाळ कांद्यासारखं चार-पाच महिने दाबून ठेवू असं नाही, आला की विकायचाच. त्यामुळे लासलगाव, पिंपळगावला भाव कोसळला तरी माणूस गाडी घेऊन परत जाऊ शकत नाही. बंदी उठली 4 मे 2024 ला, आमच्याकडे मतदान 20 मेला होतं, योगायोग समजा.

पण खरी गंमत मधल्या काळातली. बंदी होती तरी काही देशांना सरकारमार्फत कोटा काढून दिला, बांगलादेशाला 50 हजार टन, यूएईला 14,400 टन. कोणाला द्यायचा, किती द्यायचा हे दिल्लीत ठरणार. गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला एप्रिलमध्ये 2 हजार टनांची परवानगी आणि इथला कांदा बसला बघत. आता मास्तर तुम्हीच सांगा याला नाका म्हणायचं की नाही.

एमए_पार्ट_टू

दादा हे भारीच आहे, पण एक शंका. आपली बंदी देशातला भाव आवरायला होती ना, बांगलादेशाला धडा शिकवायला नव्हती. मग चीनच्या मॅग्नेटसारखं हे हत्यार कसं म्हणायचं?

निवृत्त_मास्तर

चांगला प्रश्न, आणि सेमिनारला हाच विचारतील. हर्शमनचं उत्तर असं निघतं की हेतू बघू नका, दुसऱ्याकडे पर्याय आहे का ते बघा. ढाक्याच्या बाजारात कांदा महाग झाला तेव्हा तिथल्या बाईला दिल्लीचा हेतू शुद्ध होता का याचं काही पडलेलं नसतं. ती एवढंच शिकते की यांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही, आणि तिचं सरकारही तेच शिकतं. बांगलादेशाने मग स्वतःचं कांद्याचं पीक वाढवलं, पाकिस्तान, चीनकडूनही मागवायला लागले. शुल्क आपण 1 एप्रिल 2025 ला पूर्ण काढलं, पण गेलेलं गिऱ्हाईक नोटिफिकेशन काढून परत येत नाही.

हेतूचं म्हणाल तर चीनही म्हणतोच की लष्करी वापर रोखायला नियम केलेत, अमेरिकाही राष्ट्रीय सुरक्षाच म्हणते.

आयंधोवनकर

मास्तरांशी थोडा असहमत. नाका अडवला की लोक बायपास काढतात असा सूर लागतोय इथे, कांद्याला ते चालतं कारण कांदा कुठेही लावता येतो. मी नेदरलँड्समध्ये राहतो, इथून वेल्डहोवन सायकलने जाता येतं, तिथे एएसएमएल आहे आणि ईयूव्ही मशीन, म्हणजे अतिनील प्रकाशाने सगळ्यात बारीक चिप छापणारं मशीन, बनवणारी जगात ती एकटी कंपनी. त्या मशीनच्या आत काय होतं माहितीये का, वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला 50 हजार या वेगाने पडतात, प्रत्येक थेंबावर लेझर मारतात, त्यातून 13.5 नॅनोमीटरचा प्रकाश निघतो, तो हवेतसुद्धा शोषला जातो म्हणून सगळं निर्वातात, आणि काचेची भिंगं चालत नाहीत म्हणून जर्मनीच्या झाइसचे आरसे. हे पैसे ओतून पाच वर्षांत उभं राहत नाही. प्रकाशाचा सोर्स बनवणारी कंपनी सॅन दिएगोची, 2013 ला एएसएमएलने विकत घेतली, म्हणूनच अमेरिकेचा शब्द इथे चालतो. चीनला आजवर एकही ईयूव्ही मशीन मिळालेलं नाही. चीनच्या हुआवे कंपनीने ऑगस्ट 2023 ला 7 नॅनोमीटरच्या चिपचा फोन काढला हे खरं, पण तो जुन्या मशीनवर एकच थर पुन्हा पुन्हा छापून. जमतं, पण महाग पडतं आणि माल वाया जातो.

म्हणजे किती लवकर बायपास होईल हे वस्तूवर आहे. कांदा एक हंगाम, मॅग्नेट काही वर्षं, ईयूव्ही कोणास ठाऊक.

निवृत्त_मास्तर

मान्य, ही वेळेची बाब फॅरेल-न्यूमन वाचताना सुटून जाते. पण त्यात डॉलर कुठे बसवाल? तिथे मशीन नाही, थर नाही, नुसता विश्वास. मे 2023 मध्ये गोव्यात शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीला रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह आले होते, ते उघड बोलले की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि वापरता येत नाहीत. तेल विकलं, रुपये घेतले, पण त्या रुपयांत भारताकडून घ्यायचं काय? डॉलर टाळणं सोपं, टाळून हातात आलेल्या चलनाचं काय करायचं ते अवघड. म्हणून सेंट्रल बँका गुपचूप सोनं घेतायत, 2022 ते 2024 दर वर्षी हजार टनांच्या वर.

आणि अजून एक, ऑगस्ट 2025 ला एनव्हिडिया आणि एएमडी या अमेरिकन चिप कंपन्यांनी चीनला विकलेल्या ठरावीक चिपच्या कमाईतला 15 टक्के वाटा अमेरिकन सरकारला द्यायचं कबूल केलं. सुरक्षा म्हणून अडवत होते, आता पावती फाडून सोडतायत. यावर कोणी लिहिलं तर मला वाचायला आवडेल.

चाकण_एमआयडीसी

सॉफ्टवेअर राहिलं. वाडीनारच्या नायरा रिफायनरीवर युरोपने जुलै 2025 ला निर्बंध लावले, रशियाची भागीदारी म्हणून, आणि मायक्रोसॉफ्टने त्यांची सेवा थांबवली. रिफायनरी गुजरातमध्ये, पेट्रोल विकतात आपल्याला, आणि कामगारांचा ईमेल बंद. दिल्ली हायकोर्टात गेले, काही दिवसांत सेवा चालू झाली. आमच्या आयटीवाल्याला विचारलं आपलं असं झालं तर, तो म्हणाला सर बॅकअपपण त्याच क्लाउडवर आहे.

एमए_पार्ट_टू

सगळ्यांचे खूप आभार. ठरलं, चिप वर्गावर सोडते आणि कांदा घेते. मांडणी अशी करते की परस्परावलंबन चुकीचं नाही, पण कोणाकडे पर्याय आहे आणि तो उभा करायला किती वेळ लागतो हे दोन प्रश्न त्यात घातल्याशिवाय ते काही सांगत नाही. सरांना कांदा ग्लोबल वाटेल का माहीत नाही 😅 निफाडकर दादा, बांगलादेशाला दर वर्षी किती गेला ते आकडे कुठे मिळतील?

निफाडकर

अपेडा, म्हणजे शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था, त्यांच्या साइटवर देशवार निर्यात मिळते, कांदा निवडा आणि बांगलादेश टाका. फक्त वर्ष बघून घ्या, आपलं एप्रिल ते मार्च आणि त्यांचं जुलै ते जून, तिकडच्या उत्पादनाचे आकडे शेजारी लावाल तर जुळणार नाहीत. व्यापाऱ्यांशी बोलायचं असेल तर लासलगावला या, सकाळी लिलावाच्या वेळी नको, कोणी बोलणार नाही, दुपारी या.