डिस्ने वर्ल्ड: जाहीर केलेलं बांधायलाच हवं का?

आराखडेवाली

ऑगस्ट २०२४ मध्ये डिस्नेने फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडमसाठी दोन मोठे विभाग जाहीर केले. एक 'कार्स' या चित्रपटावर आधारलेला, दुसरा त्याच्या पलीकडे, खलनायकांचा 'व्हिलन्स लँड'. पहिल्याला जागा हवी म्हणून जुलै २०२५ मध्ये 'रिव्हर्स ऑफ अमेरिका' कायमची बंद केली. नदी १९७१ ची, पार्क उघडला तेव्हापासूनची. तिच्यावरची चाकाची बोट आणि मधलं टॉम सॉयर बेट तिच्याबरोबरच गेलं. व्हिलन्स लँड कधी उघडणार, हे मात्र घोषणेत सांगितलं नव्हतं.

माझं मत असं: जे जाहीर केलं ते बांधावं. बांधायचं नसेल तर कारण लोकांसमोर सांगावं. आणि नव्याचा पैसा व तारीख पक्की झाल्याशिवाय जुन्याला हात लावू नये.

'कंपनीची जागा, कंपनीचा पैसा, तुम्हाला काय त्याचं?' असं कुणीतरी विचारेलच. म्हणून सगळ्यात मोठ्या न बांधलेल्या गोष्टीपासून सुरुवात करते. ऑक्टोबर १९६६ मध्ये वॉल्ट डिस्ने कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी एप्कॉट नावाच्या शहराचा नकाशा समजावून सांगितला. वस्ती २०,००० माणसांची, मध्यभाग छताखाली, मोटारी आणि ट्रक जमिनीखालून, लोकांची ये-जा मोनोरेलने. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १५ डिसेंबर १९६६ ला, वॉल्ट गेले. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तीच फिल्म फ्लोरिडाच्या आमदारांना दाखवली गेली आणि मे १९६७ मध्ये 'रीडी क्रीक' जिल्ह्याचा कायदा झाला. सुमारे २७,००० एकरांवर रस्ते, सांडपाणी, अग्निशमन, बांधकाम परवाने, सगळं डिस्नेच्या हातात. अणुवीज केंद्र बांधण्याची मुभासुद्धा त्या कायद्यात होती!

शहर झालंच नाही. १ ऑक्टोबर १९८२ ला एप्कॉट उघडलं ते तिकिटाचं पार्क म्हणून. शहरासाठी म्हणून मिळालेले अधिकार मात्र २०२३ पर्यंत, म्हणजे तब्बल ५६ वर्षं, कंपनीकडेच राहिले. आराखडा दाखवून काहीतरी मिळवलं असेल, तर आराखड्याचा जाब विचारायचा हक्क लोकांना आहे.

वाटसरू

असहमत, आणि बऱ्यापैकी असहमत.

शहराचं उदाहरण मनाला भिडतं, पण तो प्रकल्प एका माणसाच्या डोक्यात होता आणि तो माणूस गेला. रॉय डिस्ने तेव्हा निवृत्तीच्या वयात होते. थोरल्या भावाने धाकट्याचं काम अंगावर घेतलं, १९७१ मध्ये रिसॉर्ट उघडून दाखवला आणि त्याच वर्षी डिसेंबरात तेही गेले. त्यांनी २०,००० लोकांचं शहरही चालवायला घेतलं असतं, तर बहुधा पार्कही उभा राहिला नसता.

आता बाकीचं. न बांधलेली कल्पना वाया जाते हे गृहीतकच मला मान्य नाही. डिस्नेचे डिझायनर मार्क डेव्हिस यांची 'वेस्टर्न रिव्हर एक्स्पिडिशन' घ्या. मॅजिक किंगडमच्या फ्रंटियरलँड विभागात लाल खडकांचा 'थंडर मेसा' नावाचा प्रचंड डोंगर, पोटात बोटीची सफर, वरून धावणारी खाणगाडी. पण लोक आले ते 'पायरेट्स कुठे आहे?' असं विचारत. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधली 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' ही बोटीची सफर त्यांना ठाऊक होती. म्हणून डिसेंबर १९७३ मध्ये पायरेट्स उघडली आणि डेव्हिस यांचा डोंगर मागे पडत गेला. मग डिस्नेचेच दुसरे डिझायनर टोनी बॅक्स्टर यांनी खाणगाडीचीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली आणि 'बिग थंडर माउंटन' उभा राहिला, १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात, १९८० मध्ये फ्लोरिडात. आज दोन्हीकडे त्याला रांगा असतात.

दुसरं उदाहरण लाँग बीचचं. १९९० च्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या या बंदरात समुद्रावर आधारित पार्क काढायचं चाललं होतं. परवाने आणि खर्च यांत ते बारगळलं. ४ सप्टेंबर २००१ ला टोकियोत डिस्नेसी उघडलं. ओरिएंटल लँड या जपानी कंपनीचा पैसा, डिस्नेचे डिझायनर. जगातलं सगळ्यात देखणं थीम पार्क म्हणून आज लोक त्याचंच नाव घेतात. लाँग बीचला बांधायची सक्ती असती तर काय झालं असतं? हप्त्याहप्त्याने काटछाट केलेलं काहीतरी.

जाहीर केलं की बांधलंच पाहिजे असा दंडक घातला, तर कंपन्या लोकांना काही दाखवणारच नाहीत. सगळं दाराआड ठरेल.

सिक्वोयाप्रेमी

आणखी एक बाजू मांडतो. काही गोष्टी बांधल्या नाहीत हे फार चांगलं झालं.

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडात 'मिनरल किंग' नावाची उंचावरची दरी आहे. १९६५ मध्ये वन खात्याने तिथल्या स्की रिसॉर्टसाठी डिस्नेचा प्रस्ताव स्वीकारला. सिएरा क्लब ही पर्यावरण संस्था कोर्टात गेली. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात क्लब हरला, कारण दावा लावण्याइतकं स्वतःचं नुकसान त्यांनी दाखवलं नव्हतं. पण न्यायमूर्ती डग्लस यांचं विरोधी मत, निसर्गाच्या वतीने दावा का लावता येऊ नये असं विचारणारं, आजही कायद्याच्या वर्गात शिकवतात. दाव्यात वर्षं गेली, जनमत फिरलं आणि १९७८ मध्ये ती दरी सिक्वोया राष्ट्रीय उद्यानात गेली. मी तिथे उन्हाळ्यात चालायला जातो. वरपर्यंत जाणारा रस्ता आजही अरुंद आणि वळणावळणाचा आहे. त्या घाटातून हजारो गाड्या गेल्या असत्या तर दरीत काय शिल्लक राहिलं असतं याचा विचार करा.

दुसरं व्हर्जिनियाचं. नोव्हेंबर १९९३ मध्ये हेमार्केट गावाजवळ 'डिस्नेज अमेरिका' जाहीर झालं. अमेरिकन यादवी युद्धाचं मनासस रणांगण तिथून अगदी जवळ. डेव्हिड मॅकलो, जेम्स मॅकफर्सन यांच्यासारखे इतिहासकार उघडपणे विरोधात उभे राहिले आणि सप्टेंबर १९९४ मध्ये डिस्नेने ती जागा सोडली. तेव्हाचे डिस्नेचे प्रमुख मायकल आयस्नर यांना आराखडेवालींचा नियम लावला असता, तर 'जाहीर केलंय, आता बांधणारच' म्हणायला त्यांना आयतं कारण मिळालं असतं.

आराखडेवाली

@सिक्वोयाप्रेमी, मिनरल किंगबद्दल मनापासून सहमत. पण दोन्ही ठिकाणी काय झालं बघा. विरोध उघड झाला, उत्तरं उघड दिली गेली, निर्णयही सगळ्यांसमोर झाला. मला हवंय ते हेच. माझ्या म्हणण्यात 'बांधायचं नसेल तर कारण सांगा' हेही आहे.

@वाटसरू, थंडर मेसाचा बिग थंडर झाला, छानच झालं. पण ते होईपर्यंत कुणाचं काही पाडलेलं नव्हतं, जागा मोकळी होती. आता २०१९ चं एप्कॉट बघा. त्या उन्हाळ्यात मोठा गाजावाजा करून आराखडा मांडला: पार्कच्या मध्यावर तीन मजली उत्सव इमारत, ब्रिटनच्या दालनात मेरी पॉपिन्सची सफर, स्पेसशिप अर्थ या मोठ्या गोलातल्या राइडची दुरुस्ती, आणि २००७ पासून बंद असलेल्या 'वंडर्स ऑफ लाइफ'च्या घुमटात 'प्ले' नावाचं दालन. यातलं एकही झालेलं नाही, त्या आराखड्यातल्या स्वरूपात तर नाहीच. पण उत्सव इमारतीसाठी 'इनोव्हेन्शन्स वेस्ट' हे जुनं प्रदर्शन दालन आधीच पाडून टाकलं होतं. म्हणजे पार्कच्या ऐन मध्यावर वर्षानुवर्षं कुंपणाच्या भिंती. त्या जागी शेवटी जून २०२४ मध्ये 'कम्युनिकोअर हॉल' उघडला, एक साधा मोठा हॉल.

हिशेबी

२०१९ आणि २०२४ यांच्यामध्ये जे घडलं ते तुम्ही गाळलंत. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे पार्क बंद झाले, फ्लोरिडातले जुलैत उघडले, तेही मोजक्या लोकांसाठी. सप्टेंबरमध्ये २८,००० कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या जाणार असं कंपनीने सांगितलं. अशा वेळी मेरी पॉपिन्सची सफर बांधत बसले असते, तर मी तरी ते माफ केलं नसतं.

एप्कॉटमध्ये देशांची दालनं का रखडतात याचंही कारण पैशाचंच आहे. वर्ल्ड शोकेसची, म्हणजे एप्कॉटमधल्या या देशांच्या भागाची, मूळ कल्पनाच अशी की त्या त्या देशाने किंवा त्यांच्या कंपन्यांनी खर्च उचलायचा. १९८२ च्या उद्घाटनाच्या टीव्ही कार्यक्रमात लेखक अ‍ॅलेक्स हेली यांना बोलावून विषुववृत्तीय आफ्रिकेच्या दालनाचं चित्र लोकांना दाखवलं होतं. स्पेन आणि इस्रायलही यायचे होते. तिन्ही आले नाहीत. मोरोक्को १९८४ मध्ये आलं, कारण तिथल्या राजवटीने त्यात लक्ष आणि पैसा घातला. नॉर्वे १९८८ मध्ये आलं, कारण नॉर्वेच्या कंपन्या पुढे आल्या. त्यानंतर एकही नवा देश नाही. देणारा नसेल तर दालन नाही, हा साधा हिशेब आहे. यात फसवणूक कुठे आली?

ड्रॅगनवाला

@हिशेबी, साधा हिशेब आहे खरा, पण तो भरतो कोण ते पाहा.

डिस्ने वर्ल्डमधलंच अ‍ॅनिमल किंगडम हे पार्क २२ एप्रिल १९९८ ला उघडलं. पार्कची कल्पना तीन प्रकारच्या प्राण्यांची: जिवंत, नामशेष आणि काल्पनिक. बोधचिन्हात ड्रॅगन आहे तो त्यामुळेच. काल्पनिक प्राण्यांचा विभाग म्हणजे 'बीस्टली किंगडम'. जळक्या बुरुजात खजिना राखणारा ड्रॅगन आणि त्याच्या भोवतीचा रोलर कोस्टर, पलीकडे युनिकॉर्नचा चक्रव्यूह. खर्चाला कात्री लागली तेव्हा डायनोसॉर राहिले आणि ड्रॅगन गेला. त्या जागी 'कँप मिनी-मिकी' नावाचा झाडीतला तात्पुरता मुक्काम उभारला आणि तो १५ वर्षांहून जास्त टिकला. बाजूच्या पाण्यात ड्रॅगनची गुहा तेवढी होती, पार्किंगच्या एका भागाचं नावही युनिकॉर्न होतं.

या सगळ्याचा परिणाम असा की 'अर्ध्या दिवसात संपणारं पार्क' हा शिक्का अ‍ॅनिमल किंगडमवर बसला तो बसलाच. मे २०१७ मध्ये त्याच जागेवर 'अवतार' चित्रपटातलं जग, पँडोरा, उघडलं. ते सुंदर आहे, रात्री तर फारच. पण पूर्ण पार्कच्या दराचं तिकीट लोक १९ वर्षं एका अपुऱ्या पार्कसाठी काढत होते. नकाशातून एक विभाग गेला म्हणून दर कमी झाला नव्हता. मी आराखडेवालींच्या बाजूने.

नीरजा_टँपा

तुम्ही सगळे काय बांधलं आणि काय नाही यावर बोलताय. मला जे होतं त्याबद्दल बोलायचंय.

भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले की इथली मराठी कुटुंबं त्यांना मॅजिक किंगडमला नेतातच. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तिथे काय करता येतं? कोस्टर नाही, धक्के देणारं काही नाही, आणि फ्लोरिडातलं दुपारचं ऊन असं की दहा मिनिटं उभं राहवत नाही. ती बोट संथ होती, तिच्यावर वारा लागायचा. टॉम सॉयर बेटावर सावली होती, बसायला जागा होती, आणि नातवंडं गुहांमध्ये पळत असताना आजी-आजोबांना ती नजरेसमोर दिसायची. तिथे रांग नसायची, आणि म्हणूनच ती जागा 'वापरात नाही' असं ठरवणं सोपं गेलं असावं.

रद्द झालेल्या राइडसाठी हळहळणारे पुष्कळ आहेत. अशा निवांत जागांची बाजू घेणारं कुणी नसतं. नवा आराखडा आला की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते.

वाटसरू

@नीरजा_टँपा, हा मुद्दा मी धरलाच नव्हता, आणि तो पटला. नवीन विभागात झाडी आणि बसायच्या जागा किती आहेत हे आराखड्यातच मागायला हवं.

तरी नदी बुजवणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. मे २०२५ मध्ये तिथून जवळच प्रतिस्पर्धी युनिव्हर्सलचं 'एपिक युनिव्हर्स' उघडलं. १९९९ च्या 'आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर'नंतर ऑरलँडोतलं पहिलंच एवढं मोठं नवं पार्क. समोर हे उभं असताना डिस्नेने हात बांधून बसायचं का? आणि @आराखडेवाली, फरक पडलाय तोही बघा. २०२२ मध्ये बिग थंडरच्या पलीकडे काय करता येईल याची नुसती स्वप्नं मंचावरून दाखवली होती, आणि लोक चिडले होते. २०२४ मध्ये डिस्नेच्या पार्कांचे तेव्हाचे प्रमुख जॉश डमारो यांनी मंचावरून सांगितलं की आज जे दाखवतोय त्यावर काम चालू आहे. नदीच्या जागी आता खरोखरच काम चाललंय. शिवाय रीडी क्रीकच्या जागी आलेल्या सरकारनियुक्त जिल्हा मंडळाशी झालेला जून २०२४ चा करार आहेच: डिस्ने १० ते २० वर्षांत १७ अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणार, त्यातले किमान ८ अब्ज पहिल्या १० वर्षांत, आणि त्यात पाचव्या मोठ्या पार्कला परवानगी. १९६७ मध्ये नुसत्या फिल्मवर सगळं दिलं होतं, आता कागदावर रक्कम आहे. तुम्हाला हवा होता तो जाब यात आला की.

आराखडेवाली

रकमेचा आला, बांधकामाचा नाही. पाचव्या पार्कची परवानगी आहे, सक्ती नाही. ८ अब्ज हॉटेलांवर खर्च केले तरी करार पाळला गेला असंच म्हणावं लागेल. १९६७ पेक्षा हे बरं आहे, एवढं मी मान्य करते.

पुढचा करार होईल तेव्हा त्यात दोन कलमं मागावीत असं मला वाटतं. लोकांसाठी खुली असलेली जागा बंद करायची तर तिच्या बदल्यात काय आणि कधी, हे बंद करण्याआधी लेखी द्यायचं. आणि त्या बदल्यात नीरजा म्हणतात तशी सावलीची, बसायची जागा किती, याचा आकडा द्यायचा. @हिशेबी, यातल्या कशाला तुमचा विरोध आहे?

हिशेबी

दुसऱ्याला नाही. पहिल्याला आहे. तारीख लेखी दिली की ती पाळण्यासाठी काटछाट होते, आणि काटछाटीने काय होतं ते ड्रॅगनवाल्यांनी वर लिहिलंच आहे. उद्घाटन एप्रिल १९९८ च्या पुढे ढकलायची तयारी असती, तर ड्रॅगन कदाचित वाचला असता.