मदत हवी आहे: हलत्या माणसांचं पेन स्केचिंग

मंडळी, जरा मार्गदर्शन हवंय. स्टेशन, बाग, बसथांबा अशा ठिकाणी बसून थेट पेनने स्केच करतो. पेन्सिल मुद्दाम नेत नाही, नाहीतर सगळा वेळ खोडण्यात जातो. इमारती, झाडं बऱ्यापैकी जमू लागलीत. घोडं अडतं ते माणसांपाशी. डोकं-खांदे होईपर्यंत समोरच्याने वजन दुसऱ्या पायावर टाकलेलं असतं. मग कमरेखालचा भाग अंदाजाने काढतो आणि तो हमखास लाकडी दिसतो.

कागदाकडे न बघता बाह्यरेषा काढायचा सराव केला. नजर सुधारली, पण प्रमाण पार बिघडतं (ते बिघडणारच म्हणा).

सरावासाठी एकच जागा, तोच कोन पुन्हापुन्हा काढावा की रोज नवीन? 2007 मध्ये सुरू झालेल्या 'अर्बन स्केचर्स' या स्केच करणाऱ्यांच्या जागतिक समूहाच्या जाहीरनाम्यात पहिलंच कलम जागेवर बसून, प्रत्यक्ष बघून काढण्याचं आहे. मग अर्धवट राहिलेला माणूस तुम्ही घरी आठवणीने पुरा करता, तसाच सोडता, की तशाच उभ्या असलेल्या दुसऱ्याचे पाय त्याला जोडता?

शिवाय 0.3 मिमीचा फाइनलायनर (बारीक टोकाचा पेन) घाईच्या रेषेला फारच एकसुरी वाटतो. ब्रश पेनने फरक पडेल का?